हिमालयाची यात्रा आणि आमचें गांठोडें

वैशाख लागला कीं आमच्या शहरांतील सुशिक्षित कुटुंबांतून एक यादी हातोहात फिरूं लागते. अक्षय्यतृतीयेच्या सुमारास केदारनाथाचें द्वार उघडतें, मुलांच्या परीक्षा संपलेल्या असतात, आणि घरांतील वडील माणसांस एकदां केदारनाथ घडवावा असा विचार कर्त्या मुलाच्या मनांत येतो. विचार चांगला आहे. त्याविरुद्ध आम्हांस कांहीं म्हणावयाचें नाहीं. आम्हांस म्हणावयाचें आहे तें त्या यादीविषयीं. गेल्या वर्षीं आमच्या शेजारच्या एका गृहस्थांनीं ती मोठ्या कौतुकानें आमच्यापुढें ठेविली. एकंदर एकाहत्तर जिनसा! लोकरीच्या टोप्या, कानपट्ट्या, हातमोज्यांचे दुहेरी जोड, विजेची किटली, थर्मास, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, लिंबाचें लोणचें, दोन किलो चिवडा, शंकरपाळे, सुक्या मेव्याच्या पुड्या, मोबाइलची पॉवर बँक, छायाचित्रांकरितां काठी, माणशीं दोन कापराच्या पुरचुंड्या आणि प्राणवायूचे तीन हलके डबे. "कांहीं राहिलें असलें तर सांगा," असें म्हणून ते उत्सुकतेनें आमच्या तोंडाकडे पाहूं लागले.

आम्हीं यादी दोनदां वाचली आणि विचारलें, "दिवस किती?"

"कशाचे?"

"यात्रेचे."

"केदार आणि बद्री मिळून सहा. पुण्याहून निघून पुण्यास परत."

एकाहत्तर जिनसा आणि सहा दिवस! आमचें या लेखांतील सारें म्हणणें या दोन आंकड्यांच्या व्यस्त प्रमाणांत आहे. हिमालयांत जाणाऱ्यानें बरोबर न्यावयाची पहिली वस्तु म्हणजे दिवस. आणि आमचा मध्यमवर्ग बरोबर ती एकच वस्तु घरीं ठेवून बाकीचें सर्व घर बरोबर नेतो. जी वस्तु पैशानें मिळत नाहीं तिची भरपाई पैशानें मिळणाऱ्या वस्तूंनीं करावयाची, असा हा व्यवहार आहे. त्यास 'तयारी' हें नांव देणें म्हणजे तयारी या शब्दाची विटंबना आहे, असें आम्हांस स्पष्टपणें म्हणावेंसें वाटतें.

हें विधान कोणास कडक वाटेल; म्हणून प्रथम वाटेचा हिशेब पाहूं. केदारनाथाचें देऊळ समुद्रसपाटीपासून ३,५८३ मीटर उंचीवर आहे. आमच्या महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. अशीं दोन कळसूबाईंचीं शिखरें एकावर एक ठेविलीं तरी केदारनाथाचें देऊळ त्यांच्या वर राहतें. गाडीची वाट संपल्यावर पायवाट सुरू होते ती गौरीकुंडाहून. गौरीकुंड सुमारें दोन हजार मीटरांवर आहे. तेथून सोळा किलोमीटरांची वाट आणि सोळाशें मीटरांचा चढ, म्हणजे पायथ्यापासून सिंहगड एका दमांत दोनदां चढण्याहून अधिक. आणि तोही अशा हवेंत, कीं जिचा दाब समुद्रकांठच्या हवेच्या सुमारें दोन-तृतीयांशच असतो. हवेंतील प्राणवायूचा वांटा तेथेंही शेंकडा एकवीसच असतो. दाब मात्र उतरलेला असल्यामुळें प्रत्येक श्वासाबरोबर छातींत जाणारा प्राणवायु कमी पडतो. मनुष्याचें शरीर मोठें समजूतदार आहे. त्यास अवधि दिला तर तें श्वासाची गति व खोली वाढवितें, मूत्रपिंडें रक्ताचा तोल त्याप्रमाणें बदलून घेतात, आणि पुढें कित्येक दिवसांनीं रक्तांतील तांबड्या पेशीही वाढतात. परंतु यांतील कोणतेंही काम तें एका रात्रींत करीत नाहीं. म्हणूनच उंचावरील आजारांचा अभ्यास केलेले वैद्य सांगतात, कीं तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर रात्रीं निजण्याची जागा रोज पांचशें मीटरांहून अधिक वर नेऊं नये, आणि तीन-चार दिवसांनीं एक दिवस जागच्या जागीं मुक्काम करावा. आतां आमच्या सहा दिवसांच्या यात्रेंतला मनुष्य काय करतो? एका रात्रीं तो गुप्तकाशीस तेराशें मीटरांवर निजतो, आणि दुसऱ्या रात्रीं केदारनाथीं छत्तीसशें मीटरांवर. पांचशेंच्या ठिकाणीं बावीसशें! ही चूक टोपी विसरल्याची नाहीं, हातमोजे विसरल्याचीही नाहीं. आणि म्हणूनच ती कोणत्याही यादीनें सुधारत नाहीं.

याचा परिणाम काय होतो तें २०२२ सालीं सर्वांनीं पाहिलें. साथीच्या दोन वर्षांच्या खंडानंतर उत्तराखंडांतील चार धामांची यात्रा त्या वर्षीं पूर्णपणें खुली झाली, आणि पहिल्या महिन्याभरांतच त्या वाटांवर शंभराच्या आसपास यात्रेकरू मरण पावले. दरड कोसळली नाहीं, पूर आला नाहीं. बहुतेकांचें हृदय बंद पडलें किंवा उंचीची हवा सोसली नाहीं. तेथील सरकारच्या आरोग्यखात्यानें यात्रेकरूंकरितां ज्या सूचना काढल्या, त्यांत यात्रा निदान सात दिवसांची आखावी व शरीरास उंचीची संवय होऊं द्यावी, असें स्वच्छ सांगितलेलें आहे. त्याच सूचनांत उबदार कपडे, पावसाळी डगला वगैरे सामानही सांगितलें आहे. आमचे लोक ती सामानाची ओळ उतरून घेतात आणि दिवसांची ओळ गाळतात, कारण सामान दुकानांत मिळतें आणि रजा साहेबाकडे मागावी लागते.

यादींतील कापराविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. कापूर हुंगल्यानें उंचीवर प्राणवायु वाढतो ही समजूत अलीकडे आमच्या घराघरांतून शिरली आहे. शास्त्राचे पदवीधर असलेले लोकही गळ्यांत पुरचुंडी बांधून छायाचित्रें काढवितात. कापराच्या वासानें नाकांतील गारवा जाणणाऱ्या नसा चाळवतात, आणि श्वास मोकळा झाल्याचा भास होतो. भासच तो! रक्तांतील प्राणवायूंत त्यानें कणाचीही भर पडत नाहीं. देवापुढें कापूर जाळावा; त्याचें स्थान तेथें आहे. परंतु आईचें डोकें ठणकत असतां तिच्या नाकाशीं कापूर धरून 'आतां बरें वाटेल' म्हणणें, आणि तिलाही क्षणभर बरें वाटल्यामुळें आणखी वर चढणें, यासारखा धोका नाहीं. हाच कापूर लहान मुलानें गिळला तर तो विष होतो, हेंही यादी करणारांस ठाऊक असावेंसें दिसत नाहीं. प्राणवायूच्या हलक्या डब्यांची गोष्टही कापराहून फारशी निराळी नाहीं. त्यांत प्राणवायु खराच असतो, पण थोडा. कांहीं मिनिटांत डबा रिकामा होतो आणि आजार जेथल्या तेथें राहतो. रिकामा डबा मात्र मंदाकिनीच्या कांठीं पडतो. उंचीच्या आजारास खरा उतार एकच, तो म्हणजे स्वतः खालीं उतरणें. डॉक्टरच्या सल्ल्यानें आधीं घेण्याचें औषध आहे, तेंही उपयोगी पडतें. पण तें घेऊनही जो एका दिवसांत बावीसशें मीटर चढतो, त्याच्या वतीनें औषधानें किती भांडावें?

येथवर वाचून आमच्या वाचकांतील एक वर्ग मनांत संतुष्ट झाला असेल. तो म्हणेल, "आम्ही हेंच सांगत होतों. यात्रेस सामान कशाला? श्रद्धा असली म्हणजे झालें. पांडवांनीं स्वर्गारोहणास जातांना कोणती यादी केली होती?" या मंडळींस आम्ही आमच्या बाजूस घेऊं इच्छीत नाहीं. पांडवांचा दाखला ते देतात, तर तो त्यांनीं पुरता वाचावा. महाप्रस्थानास निघतांना पांडवांनीं वल्कलें नेसलीं आणि सर्व मागें टाकिलें हें खरें. परंतु त्यांना परत यावयाचें नव्हतें! वाटेंत द्रौपदी पडली, मग सहदेव, नकुल, अर्जुन आणि शेवटीं भीम. आणि धर्मराजानें मागें वळूनही पाहिलें नाहीं. ज्यांस आपल्या मंडळींसह घरीं परत यावयाचें आहे, त्यांनीं हा प्रवासवृत्तांत मार्गदर्शक म्हणून हातीं धरूं नये, अशी आमची नम्र सूचना आहे.

श्रद्धेनें थंडी अडत नाहीं, हें अमरनाथाच्या वाटेनें फार मोठी किंमत घेऊन शिकविलें आहे. अमरनाथाची गुहा ३,८८८ मीटरांवर, म्हणजे केदारनाथाहूनही तीनशें मीटर वर आहे, आणि पहलगामकडून जाणाऱ्यास त्याआधीं महागुणस नांवाची सुमारें चौदा हजार फुटांची खिंड ओलांडावी लागते. १९९६ च्या ऑगस्टांत ऐन यात्रेंत अवकाळी पाऊस आणि बर्फ सुरू झालें. हजारों माणसें वाटेंत, पुष्कळांच्या अंगावर मैदानांतले सुती कपडे, निवाऱ्याची सोय अपुरी. दोनशें चाळीसहून अधिक यात्रेकरू थंडीनें व थकव्यानें गेले. त्यानंतर नेमलेल्या नितीश सेनगुप्ता समितीनें यात्रेकरूंची संख्या, वय आणि प्रकृति यांस मर्यादा घालण्याची शिफारस केली. आज अमरनाथास जाणारास वैद्यकीय दाखला सक्तीचा आहे, आणि तेरा वर्षांखालील व सत्तर वर्षांवरील माणसांस परवानगी मिळत नाहीं. सुती कापड एकदां भिजलें म्हणजे अंगावरची ऊब शोषून घेतें, लोकर भिजली तरी थोडीबहुत ऊब राखते. हा फरक ज्यास क्षुल्लक वाटतो त्यानें १९९६ सालची ती हकीकत आठवावी. सारांश, लोकरीची टोपी न्यावीच. आमचा वाद टोपीशीं नाहीं. टोपी विकत घेतली म्हणजे हिमालय विकत घेतला, या समजुतीशीं आमचा वाद आहे.

महाभारताचा दाखला ज्यांस पाहिजेच असेल त्यांनीं महाप्रस्थानिक पर्व सोडून वनपर्वांतील तीर्थयात्रेचा भाग उघडावा. तेथें परत येणाऱ्या यात्रेकरूंची व्यवस्था सांगितली आहे, आणि ती वाचतांना व्यासांनीं आमच्या सहली डोळ्यांपुढें ठेवून ती लिहिली कीं काय असा भास होतो. लोमश ऋषि युधिष्ठिरास भेटतात आणि तीर्थांस निघण्यापूर्वीं एकच गोष्ट सांगतात: परिवार कमी करून हलका हो, हलक्या मनुष्यास वाटेल तेथें जातां येतें. युधिष्ठिर तें ऐकतो. भूक, तहान, वाटेचे श्रम आणि थंडी ज्यांस सोसवत नाहीं त्यांनीं परतावें, असें तो बरोबरच्या मंडळींस सांगतो. एवढेंच नव्हे, ज्यांस मिष्टान्नें लागतात आणि ज्यांचें आचाऱ्यावांचून चालत नाहीं, त्यांनाही तो मागें पाठवितो. पुढें हिमालयाच्या पायथ्याशीं, सुबाहु राजाच्या राज्यांत, उरलेले सेवक व आचारीही ठेवून पांडव पायीं निघतात. आणि आम्ही? आमच्याकडील सहली भरविणारे लोक 'बद्रीनाथास पुरणपोळी' अशी जाहिरात करतात, महाराष्ट्रीय आचारी बरोबर नेतात, आणि आम्ही त्याच गुणावर सहल निवडतों! युधिष्ठिरानें ज्यांस परत पाठविलें असतें त्यांचीच आज वर रांग लागली आहे. गढवालांत जाऊन मंडव्याची भाकरी आणि गहताची डाळ न चाखतां भडंग खाऊन परत येणाऱ्यानें नेमका कोणता देश पाहिला, हा प्रश्न आम्ही तूर्त बाजूस ठेवितों.

पूर्वींचे यात्रेकरू हलके होते, आणि त्यांच्यापाशीं दिवस होते. मोटारींपूर्वीं यात्रा हृषीकेशापासून पायीं चालत असे. वाटेवर ठरलेल्या अंतरानें चट्ट्या असत. चट्टीवरील दुकानदाराकडून पीठ, डाळ, तांदूळ घेतला कीं भांडीं आणि रात्रीचा निवारा तो देई. म्हणजे स्वयंपाकघर पाठीवर नेण्याचें कारणच नव्हतें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या वाटेवर धर्मशाळांची आणि सदावर्तांची सोय ज्यांनीं केली, ते स्वामी विशुद्धानंद 'काली कमलीवाले बाबा' या नांवानें आजही ओळखले जातात. हजारों लोकांच्या निवाऱ्याची चिंता वाहणारा मनुष्य स्वतःच्या एका काळ्या कांबळ्याच्या नांवानें स्मरणांत राहावा, हें आमच्या एकाहत्तर जिनसांच्या यादीशेजारीं लिहून ठेवण्यासारखें आहे. आमच्याच मराठी मुलुखांतले काका कालेलकर १९१२ सालीं स्वामी आनंद व अनंतबुवा मर्ढेकर यांच्याबरोबर हिमालयांत हिंडले ते पायींच. त्या प्रवासाचें त्यांचें गुजराती पुस्तक मराठींतही आलें. आठवड्यामागून आठवडे असे चढत-उतरत गेलेल्या माणसाचें शरीर केदारनाथीं पोंचेपर्यंत उंचीस आपोआप सरावलेलें असे. पुढें १९६२ च्या चिनी युद्धानंतर सरहद्दीकडील रस्ते झपाट्यानें झाले, मोटारी वर जाऊं लागल्या, आणि आठवड्यांचे दिवस झाले, दिवसांचे तास झाले. रस्त्यांस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. त्या डोंगरांतील बाळंतिणीस दवाखाना त्यांमुळेंच जवळ आला. पण रस्त्यानें जें सोपें केलें तें अंतर. उंची सोपी केलेली नाहीं, हें ध्यानांत राहिलें नाहीं.

वनपर्वांतील कथेंत पुढें गंधमादनाच्या वाटेवर वादळ होतें, द्रौपदी मूर्च्छित पडते, आणि भीमानें स्मरण करतांच घटोत्कच येऊन सर्वांस उचलून नेतो. आमच्यापाशीं घटोत्कच नाहीं. आमच्यापाशीं खेचर आहे. आणि यादीचा खरा जमाखर्च खेचराच्या पाठीवर लिहिला जातो. पंधरा किलोची पेटी भरतांना ती कोण उचलणार हा प्रश्न आमच्या घरांत कोणीच विचारीत नाहीं. 'तेथें माणूस मिळतो', 'तेथें जनावर मिळतें', एवढ्यावर तो संपतो. २०२२ सालच्या त्याच यात्रेंत केदारनाथाच्या वाटेवर शंभराहून अधिक खेचरें मेलीं. अतिश्रम, अपुरा विसांवा, अपुरें पाणी, एका दिवसांत दोन-दोन फेऱ्या हीं कारणें वर्तमानपत्रांतून आलीं. प्रकरण नैनीतालच्या उच्च न्यायालयापर्यंत गेलें. खेचरापलीकडे कंडी आहे. कंडी म्हणजे पाठीवरची मोठी टोपली. तींत यात्रेकरू बसतो आणि बहुधा नेपाळांतून आलेला एखादा काटक मजूर ती कपाळाच्या पट्ट्यानें पेलून चढतो. ज्याचे गुडघे खरोखर गेले आहेत त्यानें कंडींत बसावें. त्या मजुरासही त्याच्या घामाचा पैसा मिळतो आणि त्यांत लाज मानण्याचें कारण नाहीं. परंतु चिवड्याच्या डब्यास आणि विजेच्या किटलीस गुडघे नाहींत. त्यांस दुसऱ्याच्या पाठीवर बसवून देवदर्शनास नेणें याचें समर्थन आमच्यानें होत नाहीं. वारकरी आळंदीहून पंढरपुरास निघतो तेव्हां दिंडीचें सामान गाडींत असतें हें आम्हांस ठाऊक आहे. पण त्या सामानाकरितां कोणी मरत नाहीं, आणि मुख्य म्हणजे बसनें अर्ध्या दिवसांत होणारें अंतर चालावयास पालखी अठरा-वीस दिवस घेते तेव्हां 'वेळ फुकट गेला' असें कोणी म्हणत नाहीं. तेथें मुक्काम हाच यात्रेचा देह आहे. तेंच आमचें लोक हिमालयांत पाऊल टाकतांच कसे विसरतात, याचें आम्हांस नवल वाटतें.

आमच्या शेजाऱ्यांची हकीकत अर्धी राहिली. त्यांच्या मातोश्रींचें वय अडुसष्ट. रक्तदाबाच्या गोळ्या रोज दोन वेळां. ठरल्याप्रमाणें मंडळी गुप्तकाशीहून पहाटे निघालीं, मातोश्री खेचरावर, चिरंजीव पायीं, आणि मोठी पेटी दुसऱ्या खेचरावर. पेटी पुढें गेली. संध्याकाळीं मंडळी वर पोंचलीं तों ती भलत्याच धर्मशाळेंत उतरवलेली. ती सांपडेपर्यंत रात्रीचे दहा वाजले, आणि गोळ्या तिच्या तळाशीं होत्या. तोंवर मातोश्रींचें डोकें दुखूं लागलें होतें. मग ओकाऱ्या. कापूर झाला, प्राणवायूचे तिन्ही डबे मध्यरात्रीपूर्वींच संपले. पहाटे त्या उठल्या तेव्हां त्यांचा तोल जाऊं लागला. दोन पावलें सरळ पडेनात. ही खूण फार वाईट. मेंदूस सूज येऊं लागल्याची ती सूचना असते. चिरंजीव तेव्हांही द्विधा होते, कारण सकाळच्या पूजेचे पैसे भरले होते आणि देऊळ तीनशें पावलांवर होतें. जागेच्या गढवाली मालकानें मात्र दारांत उभें राहून एकच गोष्ट सांगितली, "माताजींना आधीं खालीं न्या, देव कोठें जात नाहीं." त्यानेंच कंडीवाला बोलाविला. उजाडतां उजाडतां मातोश्री दर्शनावांचून खालीं निघाल्या. गौरीकुंडास पोंचल्या तेव्हां त्या स्वतः चहाचा पेला धरीत होत्या. बद्रीनाथ अर्थातच राहिलें. एकाहत्तर जिनसांपैकीं त्या रात्रीं उपयोगी पडली ती एकही नाहीं. उपयोगी पडलें तें एका अपरिचित माणसाचें बोलणें आणि दुसऱ्याची पाठ.

पुढें शेजारी भेटले तेव्हां आम्हीं त्यांस दोष दिला नाहीं. त्यांनींच आमच्यापुढें तो प्रश्न ठेविला, जो या विषयांतला खरा अवघड प्रश्न आहे. "तुम्ही दिवस दिवस म्हणतां, नोकरदार माणसानें दिवस आणावे कोठून? वर्षाची रजा मोजकी, त्यांत मुलांच्या सुट्या, लग्नकार्यें, आजारपणें. आईचें वय वाढतें आहे. सहा दिवसांत नेलें नाहीं तर कधींच नेणें होणार नाहीं." ही अडचण खोटी नाहीं, आणि तिची थट्टा करण्याइतके आम्ही कठोर नाहीं. परंतु अडचण आमची आहे, हवेची नाहीं. आमची रजा थोडी आहे म्हणून केदारनाथची हवा दाट होत नाहीं. सहाच दिवस असतील तर बद्रीनाथ सोडावें आणि एक केदारनाथच करावें. दोन रात्री गुप्तकाशीस, एक गौरीकुंडास, आणि एक दिवस पावसाकरितां राखीव. एवढेंही जमत नसेल तर त्र्यंबकेश्वर आणि भीमाशंकर हीं ज्योतिर्लिंगें सह्याद्रींत आहेत, आणि तीं केदारनाथाहून कमी प्रतीचीं आहेत असें आमच्या ऐकिवांत नाहीं. राखीव दिवसाविषयीं तर आम्ही विशेष आग्रह धरूं. जून २०१३ मध्यें मंदाकिनीस पूर आला, चोराबाडी सरोवर फुटलें, रामबाडा नाहींसा झाला आणि हजारों माणसें गेलीं. तेवढा प्रलय रोज होत नाहीं. पण पाऊस रोज होतो. ज्याचें परतीचें विमान ठरलेलें आहे त्यास थांबण्याचें स्वातंत्र्य नसतें. तो ओल्या वाटेवर निघतो, कारण थांबला तर त्याचे पैसे बुडतात.

हेलिकॉप्टरचा मार्ग पुष्कळांस सुचेल, आणि अशक्त वृद्धांस तोच योग्य असेंही म्हटलें जातें. त्यानें गुडघ्यांचे श्रम वांचतात हें कबूल. पण जी चढण शरीरानें दिवसांत करावयाची ती त्यानें सात-आठ मिनिटांत होते. म्हणजे रोगाचें कारण काढून न टाकतां तेंच आणखी तीव्र करणें होय. वर तासभर थांबून लगेच उतरणारा बहुधा निभावतो. 'आलोंच आहों तर रात्र काढूं' म्हणणारा फसतो. वातावरण क्षणांत फिरणाऱ्या त्या अरुंद दरींत उड्डाणांचे अपघात २०२२ आणि २०२५ या दोन्ही वर्षीं झाले, तेंही जातां जातां लक्षांत ठेवावें.

मग न्यावें काय, असें कोणी विचारील. आम्ही फार थोडें सांगूं. महिनाभर वापरून पायास बसलेले बूट. निघण्याच्या आदल्या दिवशीं घेतलेल्या बुटांनीं जितक्या यात्रा मोडल्या असतील तितक्या पावसानेंही मोडल्या नसतील. लोकरीचे मोजे दोन जोड, टोपी, हातमोजे, अंगाबरोबर लोकरीचा एक पातळ व एक जाड थर, आणि खराखुरा पावसाळी डगला; गौरीकुंडास मिळणारा पातळ प्लास्टिकचा डगला पहिल्या वाऱ्यांतच फाटतो. कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवींत बांधलेला. विजेरी, पाण्याची बाटली, काठी. रोजच्या गोळ्या ज्याच्या त्याच्या खिशांत, कोणत्याही पेटींत नव्हे. एवढें सगळें पांच-सहा किलोंत बसतें, आणि निरोगी मनुष्यास तें स्वतःच्या पाठीवर नेतां येतें. न नेतां आलें तर काय कमी करावें हें त्याची पाठच त्यास सिंहगडावर दोन रविवारांत सांगेल. वडील माणसांचें ओझें अर्थातच मुलानें घ्यावें. तेवढ्याकरितां तरी त्याचें स्वतःचें हलकें असलें पाहिजे.

इतकें सांगूनही 'आम्हांस चार दिवस वाटेंत घालविणें परवडत नाहीं' असें म्हणणारांस आम्ही केदारनाथाच्याच घरची रीत दाखवितों. भाऊबीजेस देऊळ बंद होतें आणि केदारनाथाची पंचमुखी उत्सवमूर्ति डोलींत बसून हिंवाळ्याकरितां उखीमठच्या ओंकारेश्वराच्या देवळांत येते. वसंतांत ती परत वर जाते तेव्हां एका दिवसांत जात नाहीं. पहिला मुक्काम गुप्तकाशी, दुसरा फाटा, तिसरा गौरीकुंड. चौथ्या दिवशीं डोली केदारपुरींत पोंचते. डोली खांद्यावर असते, वाहणारे अनवाणी असतात, आणि बरोबर विजेची किटली नसते.